भोवऱ्यातलं पाणी

आई,

दुरूनच पाया पडतो. मी बरा आहे, जेवण वेळेवर होतं. तुझे गुडघे कसे आहेत?

दादा जहाजावरून पडला तेव्हा शोधाची दिशा मी सांगितली होती. घाईत पाणी न मोजता नकाशातल्या प्रवाहावर विसंबलो. काल तिथलं पाणी मोजलं, तर ते भोवतालच्या पाण्याहून उबदार आणि खारट निघालं. तो मोठा भोवरा होता. आपलं पाणी, ऊब, मीठ कवेत धरून असा भोवरा महिनोन्महिने फिरत पुढे जातो. दादाला त्याने आमच्या उलट दिशेला नेलं असणार.

तू विचारलंस, "त्याला थंडी वाजली असेल का रे?" नाही आई, पाणी कोमट होतं.

कोमट पाण्यात माणूस बराच वेळ तग धरतो, हे वहिनीला सांगू नकोस.

तुझा
धाकटा