भिंतीपलीकडची सात पिल्लं

शके १६८०, चैत्र शुद्ध ५
शेजारची मथुराबाई बाळंतपणाला माहेरी लोणीला गेली. नवरा संपत फौजेबरोबर उत्तरेत. परसात सात पिल्लं, कोंबडी मुंगसाने नेलेली. दाणा कोण टाकणार? पोथ्या नकलणारा एकटा ब्राह्मण — मी! हो म्हणालो. तिने भिंतीवरून बजावलं: आधी कणी आणि वाळवी, पंख फुटले की बाजरी, पाला, अंड्यावर आली की शिंपल्यांचा चुरा.

वाळवी मी घालणार नाही. जीव आहे.

चैत्र शुद्ध ७
मऊ भात, वर तूप. लहानांना याहून चांगलं काय असतं?

चैत्र शुद्ध १२
तीन मेली. चार मान टाकून बसली आहेत.

जीव वाचवायला गेलो — मग ही तीन कोणी मारली?

चैत्र वद्य १
पोथ्यांच्या फडताळात वाळवी आहे. आजवर झाडून बाहेर सोडत असे. आज करवंटीत भरली, भिंतीपलीकडे ओतली.

चारही उठली!

वाळवीने पोथी खाल्ली होती, पिल्लांनी वाळवी खाल्ली. करवंटी धुऊन फडताळाजवळच ठेवली.

वैशाख वद्य ७
पंख फुटले. बाजरी, माठाचा पाला. चारांतली काळी सगळ्यांत पुढे. सकाळी बाजरी, काही दिवसांनी पीस. मधे काय होतं ते दिसत नाही. रोज पाहतो.

आषाढ शुद्ध २
पाऊस. दाणा घातला.

भाद्रपद शुद्ध ३
काळीचं पहिलं अंडं. कवचच नाही — नुसती ओली कातडी. मुठेवरून शिंपले आणून कुटले.

भाद्रपद शुद्ध ८
अंडं टणक. नदीतला शिंपला पाच दिवसांत काळीच्या पोटातून असा आला. नकळत हात जोडले गेले.

भाद्रपद वद्य ९
मथुराबाई परतली. मुलगी दोन महिन्यांची. हिवतापाने बाई पार वाळली आहे, अंगावर दूध नाही. मूल काल मोठ्याने रडत होतं. आज आवाज बारीक झाला आहे.

वैद्याने कोंबडीचा रस्सा सांगितला म्हणे. मग थांबलीस का, विचारलं. खाली पाहून म्हणाली,

“शास्त्रीबुवा, तुमच्या हातची हायेत ती. सुरी कशी लावू?”

आत आलो.

भाद्रपद वद्य १०
पहाटे भिंतीशी गेलो. म्हणालो, “काळीला काप. सगळ्यांत चांगलं तिनेच खाल्लं आहे.”