वाढत्या अंगाची दोरी

बाबा, आज तुमच्यामुळे मी दुकानदाराशी भांडले. माझ्याएवढ्याच उंचीच्या नातीसाठी उड्यांची दोरी घ्यायला गेले होते. तिथेच उलगडली, मधोमध पाय ठेवला आणि टोकं वर ओढून बघितली. "ओ मॅडम, विकायची आहे ती, पाय काय देताय!" म्हणाला. मी म्हटलं, "मग चपला काय हातात घालून बघायच्या?" टोकं काखेपर्यंत यावीत, एवढी साधी गोष्ट. ही कानापर्यंत आली. "एकाच मापाची येते," म्हणाला. चरफडत घेतली.

तुमची दोरीही कानाच्या वरच जात होती. ऐंशी-एक्याऐंशी साल असेल, मी सातवीत. तुम्ही मिरकरवाडा बंदरावर होड्यांचं सामान विकणाऱ्या दुकानात कामाला. बाकीच्या मुलींकडे रंगीत प्लॅस्टिकच्या दोऱ्या, हवेतच वेटोळं होणाऱ्या. तुम्ही सुती दोर आणलात, करंगळीएवढा जाड. भिजवून, ताणून, वाळवून त्याचा पीळ काढलात. फिरवला की कमान मोडायची नाही. दोर निवडण्यात तुमच्याइतका शहाणा माणूस त्या बंदरावर नव्हता, हे मी आजही मानते. आणि मग तो सबंधच माझ्या हातात दिलात! "बाबा, लांब आहे हो." "वाढत्या अंगाची पोर तू. पुढल्या वर्षी बरोबर येईल गो." बूट तसेच, गणवेश तसाच, आता दोरीसुद्धा. कापायची नाही, कारण मग पुढल्या वर्षी काय? गाठ मारायची नाही, कारण गाठीपाशी दोर झिजतो.

मिशनच्या शाळेत सिस्टर कवायत घ्यायच्या. उडी जमिनीपासून दोन बोटं पुरे, चवड्यावर उतरायचं, गुडघे सैल, खांदा नाही, मनगट फिरवायचं, कोपरं फासळ्यांशी. मला सगळं येत होतं. पण लांब दोरी जमिनीवर लोळू नये म्हणून हात पसरावेच लागायचे. "कोपर आत! तू कावळा आहे? पंख कशाला सुकवते?" सिस्टर त्यांच्या मोडक्या मराठीत ओरडल्या. सगळा वर्ग खिदळला. घरी येऊन मी थयथयाट केला. तुम्ही स्वयंपाकघरात भाकरी मोडत होतात. शांतपणे म्हणालात, "सिस्टरला सांग, माझी पोर अजून उंच व्हायची आहे." मी चार फूट दहा इंचांवर थांबले, बाबा. तुमचं ते पुढलं वर्ष आलंच नाही.

शाळेच्या स्पर्धेत जी पहिली येईल ती पुढच्या फेरीला कोल्हापूरला जाणार होती. तुम्ही अर्ध्या दिवसाची रजा काढून, इस्त्रीचा शर्ट घालून कुंपणाशी उभे. शेवटी आम्ही दोघीच उरलो होतो. दोरी माझ्या बुटाला अडकली आणि मी तोंडावर पडले. गुडघ्यांत जांभ्याची लाल खडी रुतली. कोल्हापूरला दुसरीच गेली. परतताना तुम्ही लिंबू सरबत घेऊन दिलंत, मी ते तसंच ठेवलं. नवऱ्याला, ऑफिसातल्या बायकांना, सुनेला, सगळ्यांना मी हेच ऐकवत आले: बाबांच्या चिकटपणापायी माझं कोल्हापूर हुकलं.

आज घरी आल्यावर मी कात्री शोधत होते, तोवर नातीने दोन्ही टोकांना एकेक गाठ मारली आणि उड्या मारायला लागली. "कुणी शिकवलं?" मी ओरडलेच. "त्यात काय शिकायचंय, आजी?"

काहीच नाही. स्पर्धेच्या सकाळी मी बूट घालत होते तेव्हा तुम्ही दारातून म्हणाला होतात, "आजच्या दिवस मार गाठ. दोर गेला तर गेला." मी ऐकलं होतं, बाबा. मारली नाही. वाटलं, पडले तर तुम्हाला दिसेल तरी. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. हा कागदही या नव्या दोरीच्या पिशवीतच ठेवणार आहे. नातीला मराठी वाचायचा कंटाळा आहे, तेव्हा धोका नाही.

पुढल्या जूनमध्ये तुम्ही माझ्या बरोबर मापाचे बूट आणलेत. मी ते घातले आणि नाड्यांना दुहेरी गाठ मारली.