तांदळाच्या दाण्याएवढे टोक

रवि., २ नोव्हें.
मामांच्या बोडीवर, म्हणजे शेतातल्या लहान तळ्यावर गेलो, खाप्याजवळ. बाबांना आठवड्यात एकच सुट्टी. बाकी सहा दिवस पहाटे बारा बायकांना गाडीने कळमेश्वरच्या कारखान्यात पोहोचवतात. सुट्टीला त्यांना गळ टाकून बसायचे असते, म्हणून पाण्यावर उभी तरंगणारी, मासा लागला की बुडणारी मोरपिसाच्या देठाची काडी मी स्वतः तयार केली. दोरीला शिसे गुंडाळून घरी बादलीत बघितली होती, टोक नीट वर होते. बोडीत टाकली तर सरळ खाली. चूक माझीच. बादलीत बघताना गळ आणि कणकेची गोळी लावलीच नव्हती, त्यांचे वजन धरले नाही.
मामा : "भाचेबुवा, मासे धराले आले का शिसं पेराले?"
बाबा हसले. मला हसू आले नाही.

मंगळ., ४ नोव्हें.
मी काम करतो त्या दुकानातून मोबाइल दुरुस्तीचा चिमटा आणला. या वेळी गळ, गोळी, सगळे लावून. शिशाची पट्टी ब्लेडने केसाएवढी कापत गेलो. पाण्यावर तांदळाच्या दाण्याएवढेच टोक राहिले पाहिजे. जास्त राहिले तर ओढताना माशाला जड लागते, तो गोळी सोडून जातो. टोकाला लाल नेलपॉलिश.
आई : "बादली सोडतं का आता? कपडे भिजवाचे हायेत मले."
सात वेळा तपासले. सातही वेळा बरोबर. मग आठव्यांदा.

रवि., ९ नोव्हें.
काडी सुरेख उभी राहिली. दोन मिनिटांत बाबा म्हणाले, "बुडली." मी बघत होतो, बुडली नव्हती. वारासुद्धा नव्हता. तरी त्यांनी काठी ओढली.
"शिसं जास्त झालं गा तुह्यं. कमी कर."
एक वेढा काढला. पुन्हा "बुडली". आणखी एक काढला. शेवटी काडी दोन बोटे वर, तिरपी. मासा तीनदा आला, तीनदा गेला. मामांना दोन रोहू.
घरी येऊन शिसे परत चढवून बघितले. माझे माप बरोबर होते. मग बाबांना कसे...

बुध., १२ नोव्हें.
पाण्यात फरक असेल का? बोडीचे पाणी बाटलीत आणायला हवे होते. मापातच काहीतरी चुकत असणार. दुसरे काही नसावे.
आई सहज म्हणाली, बाबा हल्ली पेपर वाचत नाहीत, मोबाइलवर बातम्या ऐकतात.

रवि., १६ नोव्हें.
हे नीट लिहून ठेवतो.
बाबांची काठी बेचक्यात टेकवलेली होती. एक वेढा चढवायचा म्हणून मी दोरी आत ओढली. तसे सांगितलेही, पण ते मामांशी बोलत होते, ऐकले नसावे. काडी माझ्या तळहातावर होती. तेवढ्यात पाण्याकडे बघत बाबा म्हणाले, "आता कशी बसवली! टोक दिसून राहिलं चांगलं."
पंधरा पावलांवर पाणगवताचे एक वाळलेले खुंट वर आले होते. ते त्याच्याकडे बघत होते.
मामांनी माझ्याकडे बघितले. मी काडी मुठीत झाकली. का झाकली?
नागपूरला येताना गाडी बाबांनीच चालवली. सावनेरच्या पुढचा गतिरोधक त्यांना दिसला नाही, गाडी उडाली. "हे काहून ठेवतेत मधात?" म्हणाले. मी दाराची मूठ धरून होतो.

सोम., १७ नोव्हें.
सकाळी सहाला गेले. नऊला येतात. आज नऊ वीसला आले. रेल्वे फाटक बंद होते म्हणाले. त्या वीस मिनिटांत मी... लिहीत नाही.

गुरु., २० नोव्हें.
धंतोलीत डोळ्यांच्या दवाखान्यात नंबर लावला. शनिवारी ११ वा. बाबांना अजून सांगितलेले नाही. आजही गाडी घेऊन गेले.
मामांचा फोन : "तूच सांग बाप्पा. मी सांगन तं जवाईबुवा मलेच बोडीत बुडवतीन."

शुक्र., २१ नोव्हें.
जेवणाआधी सांगितले. वाक्य पाठ केले होते, तरी अडखळलो. "रविवारी काडी माह्या हातात होती, बाबा."
बाबांनी मोबाइलवरच्या बातम्या बंद केल्या. मग : "पाण्यावर काय होतं मंग?"
"गवताचं खुंट."
"तवाच काहून नाही बोलला?"
मी पाण्याचा तांब्या त्यांच्यापुढे सरकवला.
"पाच दिवस बायका घेऊन जाऊन राहिलो मी. अन् तू पाहून राहिला."
आईने ताट वाढले होते, तसेच राहिले. दवाखान्याचे सांगितले. हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत.

शनि., २२ नोव्हें. पहाटे ५.५०
बाबा गाडीत जाऊन बसले आहेत. पुढचे दिवे लावले, बंद केले, परत लावले. पहिली बाई सहाला चौकात उभी असते. मी गेटमध्ये, गाडीच्या बरोबर समोर. वही दिव्याच्या उजेडात धरली आहे. आई दारातून हाक मारते आहे, मला की त्यांना, कळत नाही.
इंजिन सुरू झाले.
एकदा हॉर्न वाजला. म्हणजे मी दिसतो आहे. बाजूला झालेलो नाही. ५.५४.