टायफॉइड म्हणून सांगितलेलं दुखणं

धाराशिव, दवाखान्यातून
८ जानेवारी २०२५

ती. दैवशाला आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर बोललं की खाटेभोवतीचे सगळे कान लावतात, म्हणून पत्र. पप्पांनी पाहुण्यांना टायफॉइड सांगितलाय. शुगर म्हटलं तर पोरीची सोयरीक जमायची नाही, ही त्यांची धास्ती.

तुम्हाला खरं सांगते. घरी संपलं म्हणून सांगितलं, पण इन्सुलिन संपलं नव्हतं, मीच बंद केलं. वसतिगृहात बाथरूममध्ये लपून सुई टोचायचा वीट आला होता. जीवच नकोसा झाला होता, आत्या. मग उलट्या, धाप, आणि पुढं शुद्धच नाही. इथल्या समुपदेशक उमादेवी मॅडमनी आधी मन कसं आहे ते विचारलं. मी तासभर रडले. पप्पांना सांग म्हणतात. कसं सांगू? खचतील ते.

तुमची वैष्णवी

ढोकी, १२ जानेवारी

चि. वैष्णवीस, अ. उ. आ.

पत्र वाचताना भाकरी करपली. आमच्या ह्यांनी मुकाट खाल्ली.

आठव्या वर्षी स्वतःच्या पोटात सुई टोचणारी पोर तू! या उसाच्या गावात सुट्टीला यायचीस, पण एक कांडंसुद्धा कधी मागितलं नाहीस. मला तर दाताच्या डॉक्टरचं नाव काढलं तरी घाम फुटतो. तुझ्याएवढं धीराचं माणूस मी पाहिलं न्हाय. आता बापाला तूच सांग, मॅडमना शेजारी बसव. बब्रुवान माझा धाकटा भाऊ आहे. रडेल, पण मोडणार नाही. आणि पुन्हा जीव नकोसा झाला तर आधी मला कळव. हातातलं काम टाकून पहिल्या एस्टीनं येईन.

आत्या

धाराशिव, २ फेब्रुवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

सांगितलं. पप्पा उठून बाहेरच गेले. घरी आल्यावरही बोलणं नाही. दर आठवड्याला मॅडमकडं मोटारसायकलवर तेच नेतात, तेही मुक्यानं. मला वाटलं, माझ्यावरचं मन उडालं.

काल येडशीला मावशीच्या कृष्णराजदादाचा साखरपुडा होता. पप्पा वाढायला होते. ताटं वाढून झाली, तशी मी सवयीनं आडोसा शोधायला उठले. पप्पांनी बुंदीची बादली खाली ठेवली आणि मोठ्यानं सांगितलं की कुणी ताटाला हात लावू नका, माझ्या पोरीला शुगर हाय, ती सुई घेईल, मग जेवू.

आत्या, नव्या सोयऱ्यांसकट सगळी पंगत हात आवरून बसली. मी जागेवरच बसून सुई घेतली. पप्पांचे डोळे वाहत होते, तरी नजर माझ्यावरून हलली नाही. मग तेच म्हणाले, आता जेवा.

दहा वर्षांत पहिल्यांदा मी पंगतीचा पहिला घास सगळ्यांबरोबर घेतला.

माया आहेच, ती अशीच दाट असू द्या.

तुमची वैष्णवी