बिनधातूची पँट

२२ जानेवारी १९९५
एसटीडी बूथवरून दिल्लीला क्षमाशी बोललो. डॉक्टरांनी सिझेरियनची तारीख दिली आहे. ११ फेब्रुवारी. म्हणाली, बाबा, या वेळी तुम्ही पण या. ‘या वेळी’वर जोर होता. मागच्या वेळी, बाळ राहिलं नाही तेव्हा, मी गेलो नव्हतो. बोर्डाच्या प्रॅक्टिकल्स होत्या. कारण शंभर टक्के खरं.
जावई अवधूत यांनी ८ तारखेची विमानाची दोन तिकिटं पाठवली आहेत. मी म्हणालो, रेल्वेने गेलं तर काय बिघडतं? सौ. म्हणाली, मागच्या वेळी रेल्वेच होती.
ठराव : जायचं. भीतीचा प्रश्न नाही. पंचवीस वर्षं सांगलीत फिजिक्स शिकवतोय. फळ्यावर शेकडो विमानं उडवली, एकही पडलं नाही.

२४ जानेवारी, सकाळ
शेजारच्या अर्जुनशेठना भेटलो. मूळचे विट्याचे. कलकत्त्यात त्यांचं गलाईचं दुकान आहे, म्हणजे जुनं सोनं-चांदी आटवून शुद्ध करतात. विमानात एसटीसारखे बसतात. म्हणाले, मास्तर, उडायचं काय न्हाई हो, भ्या त्या चौकटीचं. दारासारखी चौकट असतीया, आत पाय टाकला की अंगावरचा धातू बोंबलतोय. मग पडद्यामागं न्हेत्यात. माजा पट्टा काढला, बूट काढलं, आणि मग...
नुसता चहा ढवळत राहिले. चहात साखर नव्हती.
घरी येईपर्यंत हात गार. थंडी आहेच यंदा.
म्हणजे प्रश्न विमानाचा नाहीच. कपड्यांचा आहे. कपडे जमले की दिल्ली जमली.

२५ जानेवारी
लॅबमधून नालाकृती चुंबक घरी आणला. रजिस्टरमध्ये सही करून. सगळे कपडे पलंगावर मांडून तपासणी. पट्ट्याचं बक्कल : चिकटलं, बाद. बूट : तळातले खिळे चिकटले, बाद. पँटची चेन : नाही चिकटली, पास. कमरेचा चांदीचा करगोटा : चुंबकाने ढुंकूनही पाहिलं नाही. पास.
करगोट्याबद्दल एक खुलासा. तो मी श्रद्धेने घालत नाही. माझ्याआधीची तीन भावंडं गेली, म्हणून आईने मी सव्वा महिन्याचा असताना कमरेला बांधला. पोट वाढेल तशा सोनाराकडून कड्या वाढवल्या, शेवटी आकडा डाख देऊन, झाळून पक्का केला. काढला नाही, कारण काढायचं काही कारण पडलं नाही. लोक म्हणतात, करगोटा एकदाच तोडतात आणि तेव्हा माणसाला विचारत नाहीत. ही लोकांची समजूत. नोंद म्हणून लिहिली.

२८ जानेवारी
दहावीला विद्युतचुंबकीय प्रवर्तन शिकवता शिकवता खडू थांबला. त्या चौकटीला चुंबकाशी देणंघेणं नाही. वस्तू विजेची सुवाहक असली की पुरे. आणि सुवाहकांच्या यादीत पहिलं नाव चांदीचं. ही यादी पंचवीस वर्षं मी पोरांकडून घोकून घेतोय.
पोट बिघडलं. शाळेचं पाणी.

३० जानेवारी
भाऊसो टेलरकडे. सूचना दिल्या : चेन नको, हूक नको, पट्ट्याचे लूप नकोत. कमरेला नेफा, त्यात सुती नाडी. भाऊसो टेप गळ्यात टाकून बराच वेळ बघत राहिला. म्हणाला, सर, ह्याला आमी लेंगा म्हनतो. मी सांगितलं, बाहेरून पँट दिसली पाहिजे. म्हणाला, मंग असं सांगा की, पावणा बाहेरनं सायब पायजे आणि आतनं पैलवान.
दुकानात दोन गिऱ्हाइकं हसली. हसोत. दोघंही सायकलीवरचे.
बुटांऐवजी कॅनव्हास. चष्म्याला प्लॅस्टिकची काडी.

२ फेब्रुवारी
जुन्या लेंग्यावर रंगीत तालीम. स्वयंपाकघराच्या दारातून सात वेळा आत-बाहेर केलं. सौ.ला दाराशी तपासनीस म्हणून उभं राहायला सांगितलं. सहाव्या खेपेला म्हणाली, दाढेत चांदी भरलीय ती कुठं ठेवणार?
हे सुचलं नव्हतं. तोंड बंद ठेवायचं.
तिच्या स्वतःच्या अंगावर मंगळसूत्र, पाटल्या, जोडवी. तिला काहीच वाटत नाही. अज्ञानात सुख म्हणतात ते हे.

४ फेब्रुवारी
प्रॅक्टिकल्स याही वर्षी आहेत. कर्तव्य म्हणून जेवताना एक शब्द टाकला.
सौ.ने तव्यावरची भाकरी उलटली. माझ्याकडे न बघता म्हणाली, मागच्या वेळी पोरगी चार दिवस दाराकडं बघत पडली होती. पाऊल वाजलं की मान वळवायची. तुम्हाला सांगितलं नव्हतं.
भाकरी करपली.

५ फेब्रुवारी
अर्जुनशेठकडे गेलो. म्हटलं, कापा. ते ऐकेनात. म्हणाले, मास्तर, माज्या हातनं हजार करगोटं आटलं, पर जित्या मानसाच्या कमरंचा म्या तोडलेला न्हाई. घरात इच्यारलंसा का? मी म्हणालो, यात विचारायचं काय, सुवाहक आहे, वाजणार. माझा आवाज थोडा वर गेला असावा, कारण त्यांची मुलगी आक्काताई स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि मला बघून पाणी आणायला परत आत गेली.
शेवटी त्यांनी पकड लावली. आवाज अगदी लहान झाला. सुपारी फोडावी तेवढा.
रुमालात बांधून सौ.कडे दिला. ती रुमाल घेऊन आत गेली आणि दार लावलं.
कमरेला त्रेपन्न वर्षांचा पांढरा पट्टा उमटलाय. माझं काय व्हायचं ते होवो, पण त्याचा फेरा पोरीवर गेला तर. (हे वाक्य खोडायचं आहे.)

६ फेब्रुवारी
भाऊसोकडून पँट आणली. सौ. म्हणाली, आणा, मी इस्त्री करून बॅगेत ठेवते.
न्हाणीत घसरलो. साबण.

७ फेब्रुवारी
दिल्लीहून फोन. क्षमाचं बीपी वाढलंय, पायावर सूज आहे. अवधूत म्हणाले, काळजीचं कारण नाही. आवाज काळजीचाच होता.
योगायोग. योगायोग. आणखी एकदा लिहितो, योगायोग.
अर्जुनशेठना विचारायला गेलो, तोडलेला परत झाळता येतो का, सहज. ते लग्नाला विट्याला गेलेत.

८ फेब्रुवारी, सकाळी, एसटीत
पहाटेची गाडी. सौ.ने स्वतः पँट काढून दिली, नाडीची गाठही तिनेच मारली. घातली आणि कमाल झाली. एकदम धीर आला. भाऊसोने कापड वजनदार वापरलंय, कमरेला धरून बसतं. हातांचा गारठा गेला. उंब्रजला गाडी थांबली तर दोन बटाटेवडे खाल्ले. चार दिवसांत पहिल्यांदा.
यातून सिद्ध झालं : करगोट्याशिवाय माणूस उत्तम राहू शकतो. श्रद्धा पोकळ असते. परतल्यावर यावर शाळेच्या वार्षिक अंकात लेख द्यायचा. सौ.ला सांगितलं. ती खिडकीतून उसाच्या गाड्या मोजत होती.

८ फेब्रुवारी, दुपारी, विमानाची वाट बघताना
सौ. बायकांच्या पडद्याआड गेली आणि सगळ्या दागिन्यांसकट अर्ध्या मिनिटात बाहेर. माझी पाळी. तोंड घट्ट बंद. चौकटीत पाय टाकला.
बोंबलली.
पोलिसाने बाजूला घेतलं. गाव विचारलं. सांगली म्हटलं, तर म्हणाला, आवं मग आपलंच की, मी माणातला, दहिवडीचा. आणि कमरेवर हात फिरवला. हात थांबला. म्हणाला, गुरुजी, नाडीच्या जागी काय भरलंय ह्ये? नेफ्यातून टोक ओढलं.
करगोटा. अख्खा. तोडलेल्या जागी लाल दोऱ्याची गाठ.
मी सांगितलं, हा मी तोडलाय. तो म्हणाला, तोडलाय म्हंता आणि घातलाय बी. सौ.कडे पाहिलं. ती ‘धूम्रपान करू नये’ ही पाटी फार मन लावून वाचत होती.
तपासायला म्हणून त्याने करगोटा आणखी हातभर बाहेर ओढला आणि पँटचा आधार गेला. मी दोन्ही हातांनी धरली. तो म्हणाला, हात वर करा. मी म्हणालो, ते शक्य नाही. मागच्या रांगेत सफारीवाले खोकल्याचं निमित्त करून हसत होते.
मग त्याने स्वतःचा खाकी शर्ट बोटभर वर केला. त्याच्याही कमरेला करगोटा. म्हणाला, आमच्या सगळ्या गावाच्या हाय. ह्या चौकटीत लय जनांचा वाजतोय. आमी हात लावतो, म्हनतो करगोटा हाय, जावा. ह्येच्यासाठनं तोडलासा व्हय? तुमच्या आईला काय वाटलं आसंल?
आई जाऊन अकरा वर्षं झाली. हे त्याला सांगायची गरज नव्हती, पण सांगितलं.
मग त्याने करगोटा परत नेफ्यात सरकवून दिला, स्वतः वाकून, गाठ पुढे येईल असा. म्हणाला, जावा, पोरगी वाट बघत आसंल. पोरीचं त्याला कुणी सांगितलं ते कळलं नाही. मीच बोललो असेन. बहुधा बराच वेळ बोलत होतो.
विमान समोर उभं आहे. ते कसं उडतं हे आठवत नाही.

११ फेब्रुवारी
मुलगी. पावणेतीन किलो. दोघी ठीक.
क्षमाला बाहेर आणलं तेव्हा तिने आधी दाराकडे बघितलं. मी तिथेच होतो. म्हणाली, बाबा, पँट का धरून उभे आहात?

१७ फेब्रुवारी
बाळाचं नाव ऋचा ठरतंय. सौ. म्हणते, माझ्या करगोट्यातल्या जास्तीच्या कड्या काढून बाळाच्या कमरेचा करू. मी विरोध नोंदवला. अंधश्रद्धा, शिवाय विसाव्या शतकाची अखेर. इथल्या सोनाराकडे मीच गेलो, कारण दिल्लीत सौ. चुकली असती. माझाही पुन्हा पक्का झाळून आणला. एकाच खेपेत दोन कामं.
परतीचं विमानाचं तिकीट रद्द करून रेल्वेचं काढलं. भीतीचा प्रश्नच नाही. वाटेत नर्मदा दिसते. शिवाय दिल्लीच्या चौकटीवर दहिवडीचा माणूस असेलच असं नाही.