आर्डिथ व्हॅन्डरप्लूगच्या वॅगनींची वाटणी

मी, आर्डिथ व्हॅन्डरप्लूग, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, धंदा मोटार दुरुस्ती, राहणार ऑर्चर्ड क्रीक, आयोवा, स्वतःच्या हाताने लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे, कान थोडे कमी चालतात, आणि मला कोणीही फितवलेले नाही. फितवू पाहणारे होते; ते दमले. यापूर्वीची माझी सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत.

कलम १. राहते घर, मागची सफरचंदाची झाडे आणि बँकेतली शिल्लक मुलगा कर्टिस व मुलगी जोलीन यांनी निम्मी-निम्मी घ्यावी. घर विकायचे तर खुशाल विकावे. कर्टिसने पंच्याऐंशी साली मिनीव्हॅन आणून माझ्या दारात लावली आणि म्हणाला, "आई, तुझ्या त्या होड्यांसारख्या लांबलचक वॅगनींचे दिवस संपले." त्याला मी माफ केले आहे. गाडीला नाही.

कलम २. माझ्या वडिलांची लाकडी अंगाची, मागे सामानाला लांब जागा असलेली १९४९ सालची स्टेशन वॅगन मोटार काउंटीच्या संग्रहालयाला द्यावी. दर वसंतात आम्ही दोघे तिला घासून वार्निश लावायचो. पावसात दारे फुगून बसली की खिडकीतून आत शिरायचे. वडील म्हणत, "ही गाडी नाही गं, चाकांवरचं कपाट आहे." बनवणाऱ्यांनाही ते कळले असावे. पुढे वॅगनींचे अंग पत्र्याचे झाले आणि बाहेरून चिकटवलेले लाकडाचे चित्र तेवढे उरले. संग्रहालयाने वार्निश चुकवले तर गाडी जोलीनने परत आणावी.

कलम ३. गॅरेज, गाड्या उचलायची लिफ्ट, सर्व पाने-पक्कडी आणि पॉन्टिअक वॅगन एकट्या जोलीनला. का, ते कर्टिसने नीट वाचावे.

गॅरेज माझे पती हार्लन आणि त्यांचे धाकटे भाऊ गेरिट यांच्या सामाईक मालकीचे होते. सहासष्टच्या हिवाळ्यात हार्लन छातीत कळ येऊन गेले. दोन पोरे पदरात होती. काम मला येत होते, म्हणून मी गॅरेज उघडे ठेवले. पुढच्या उन्हाळ्यात गेरिट भावजी कॉफीचा मग घेऊन आले. मी एका ट्रकखाली होते.

"वहिनी, विकून टाकू या हे. बाईच्या हातात गाडी द्यायला कोण येणार?"

"आणि पोरांना काय घालू खायला, भावजी?"

"बघू काहीतरी. ती पॉन्टिअकपण काढा. एवढं धूड हवंय कशाला?"

मी ट्रकखालून बाहेर आले. "हे धूड तुमच्या त्या लाल गाडीला मागे टाकील."

कॉफी त्यांच्या नाकातून आली. "मग होऊन जाऊ दे! हरलात तर गॅरेज विकायचं."

"आणि जिंकले तर तुमचा हिस्सा माझ्या नावावर."

गॅरेजात बसलेल्या सगळ्यांसमोर त्यांनी हात पुढे केला. मी तेलकट हातानेच तो धरला.

जुन्या धावपट्टीवर शनिवारी पाव मैलाच्या शर्यती होत. गाव लोटला होता. जो तो मला सांगे, "मागची सीट काढा, वजन कमी करा." मी सीट ठेवली आणि वर कोंबडीखाद्याची पोती टाकली. हार्लननी त्या गाडीत मोठे इंजिन बसवले होते. रिकामी असताना तिची मागची चाके जागीच गरगरत आणि दुधाचे कॅन भरले की जमिनीला धरून राहत, हे मी रोज पाहत होते.

"वहिनी, अंडी फुटतील हां!" भावजी शेजारच्या गाडीतून ओरडले.

निशाण पडले. त्यांची चाके धूर काढत जागीच फिरली. माझी गाडी ढुंगणावर बसली आणि सुटली. कुंपणाशी जोलीन किंचाळत होती, कर्णा ओरडत होता, "अहो, ही तर किराणा आणायची गाडी!" शेवटाकडे आरशात लाल रंग वाढू लागला. मी पाय उचलला नाही. एका बॉनेटच्या अंतराने मी जिंकले, आणि माझे बॉनेट काही लहान नव्हते.

सोमवारी भावजींनी कागदावर सही केली, शब्दाला जागले. त्यानंतर नेब्रास्का, इलिनॉयहून लोक "त्या बाईकडे" वॅगनी आणू लागले. कारखान्यांनी मोठ्या वॅगनी बनवणे बंद केले, तेव्हा तर माझ्या दारातली रांग दुप्पट झाली. त्या दिवशी कुंपणाशी किंचाळलेली मुलगी आज ते गॅरेज चालवते. म्हणून ते तिचे.

कलम ४. माझी शवपेटी माझ्याच शहाण्णव सालच्या ब्यूक वॅगनमधून न्यावी. मागच्या सीटा पाडल्या की ती सपाट बसते. मी टेप लावून पाहिले आहे. गाडी जोलीनने चालवावी, धुतलेली असावी, आणि रडतखडत नेऊ नये.

कलम ५. गेरिट भावजींना मी काही ठेवलेले नाही. साक्षीदाराला वारसा घेता येत नाही, आणि मला साक्षीदार म्हणून तेच हवे होते. बेचाळीस वर्षे ते गावाला सांगत आले की त्यांचा क्लच घसरला. काल त्यांना हा मजकूर वाचून दाखवला.

"तिसऱ्या कलमात चूक आहे, वहिनी."

"क्लच लिहू?"

"क्लच धड होता." त्यांनी पेन मागितले. "एक बॉनेट नाही, चांगली दोन होती. मला मागून नीट दिसत होतं."

मी दुरुस्ती करणार होते. मग म्हटले, राहू दे, सही करताना त्यांनीच लिहावे.

ठिकाण : ऑर्चर्ड क्रीक, आयोवा
तारीख : ९ मे २००९
सही : आर्डिथ व्हॅन्डरप्लूग

वरील सही आमच्या डोळ्यांदेखत झाली :
१. बर्निस कूयमन, शेजारीण
२. गेरिट व्हॅन्डरप्लूग, दीर. कलम तीनमध्ये एकाच्या जागी दोन वाचावे.