आतिफच्या फोनातलं आमचं घर

सोलापूर, १६ मे

श्री. हिंदुराव, निवृत्त चालक, मंगळवेढा आगार, यांस इमामसाब, निवृत्त वाहतूक नियंत्रक, याचा सलाम आणि नमस्कार. (दोन्ही ठेवून घे, एका पाकिटात मावतात.)

तुझा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी चालायला सांगितलंय आणि तू बसून राहतोस, हे बजाबाई वहिनींनी अनवरीला फोनवर कळवलं, म्हणून मलाही माहीत आहे. वहिनींना सलाम सांग. तुम्ही पाठवलेल्या ज्वारीची भाकरी अशी पांढरीशुभ्र होते की अनवरी शेजारच्या मथुराबाईंना बोलावून दाखवते. आमची तब्येत बरी आहे. घराची मात्र बरी नाही, आणि ते सांगायलाच हा कागद घेतलाय. फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तू मधेच 'लई शाणा हाईस' म्हणतोस आणि माझा धागा तुटतो.

तुला माहीत आहे, मागच्या मे महिन्यात अनवरीला स्वयंपाकघरात उष्णतेने चक्कर आली. मी कांदा फोडून हुंगवला, ती उठली, तिने उरलेल्या पोळ्या केल्या. विषय संपला होता. पण पुण्याला आतिफला कळलं (मथुराबाईंनी कळवलं, त्यांच्यापुढे आपलं कंट्रोल रूम काहीच नाही) आणि तो गाडी घेऊन आला. म्हणाला, अब्बा, दोघं चला पुण्याला. आता त्याचं घर अकराव्या मजल्यावर. तिथे दार फक्त कुरिअरवाल्यासाठी उघडतात, आणि खाली बघितलं तर माणसं ओळखू येत नाहीत. ज्याने तेहतीस वर्षं स्टँडवर उभं राहून हजारो माणसं गाडीत बसवली, त्याने तिथे काय करायचं? मी नाही म्हणालो. खूप भांडण झालं आणि शेवटी तोडगा निघाला. तो म्हणाला, मग घर माझ्या नजरेखाली राहील. आठ दिवस सलग संपर्क तुटला, तर मी काही ऐकणार नाही, कुलूप लावून दोघांना नेणार.

मग यंदा उन्हाळा लागताच दुधनीचा चन्नवीर म्हणून एक मेकॅनिक आला. त्याने हॉलमध्ये एसी बसवला आणि भिंतीवर एक गोल डबी लावली. तिला थर्मोस्टॅट म्हणतात. खोली किती तापली ते ती बघते आणि एसीला चालू-बंदचा हुकूम देते. तिच्या जोडीला एक पांढरा डबा. थर्मोस्टॅट, पंखे, दिवे, गिझर, सगळ्यांचा निरोप हा डबा इंटरनेटने आतिफच्या फोनवर पोचवतो. म्हणजे आमच्या हॉलचं तापमान आम्हाला कळायच्या आधी पुण्याला कळणार. (आमच्या वेळी बाप पोराच्या कपाळाला हात लावून ताप बघायचा. आता पोरगा पुण्यात बसून बापाच्या भिंतीचा ताप बघतो.)

चार दिवस ठीक गेले. पाचव्या दिवशी आतिफचा फोन, थर्मोस्टॅट दिसत नाही. मी जाऊन बघितलं, भिंतीवर व्यवस्थित होता. तसं सांगितलं तर चिडला. मग मी कंपनीला फोन केला. आधी बारा मिनिटं बासरी ऐकवली, मग एका मुलीने विचारलं, घरात कोणी मोठं माणूस आहे का? मी म्हणालो, अडुसष्ट पुरतील का? ती म्हणाली, थर्मोस्टॅटचं बटण दहा सेकंद दाबून धरा. धरलं. डब्यावर कोणता दिवा लागलाय? डबा टीव्हीवर, अनवरीने विणलेल्या झालरीच्या कव्हराखाली. ती लगबगीने गेली, कव्हर जरा उचलून बघितलं आणि म्हणाली, हिरवा. मुलगी म्हणाली, मग संपर्क आहे. आतिफ म्हणत होता, नाही. कंपनी आणि मुलगा या दोघांत मी, बटणावर बोट ठेवून.

चन्नवीरला परत बोलावलं. तो नेमका शुक्रवारी दुपारी आला, मी नमाजाला निघायच्या गडबडीत, आणि बघतो तर संपर्क आपोआप आलेला! मेकॅनिक बघून बिघाड पळतो, तसं. 'एनरी साहेब, ह्यात कायबी फॉल्ट न्हाय की,' असं त्याच्या कानडी वळणाच्या मराठीत म्हणून चहा पिऊन गेला. तासाभरात संपर्क पुन्हा गायब.

तेव्हा मी ठरवलं की या कामाला कंपनीचा माणूस नको, एसटीचा हवा. वही काढली, रेघा मारल्या, आतिफने फोनवर संपर्क आला म्हटलं की आवक, गेला म्हटलं की जावक. दीड महिना लिहिलं. आणि हिंदुराव, वही बोलली! ही गाडी आठवड्यातून एकदाच येत होती. शुक्रवारी सव्वाबाराला यायची, पाऊण वाजता जायची. मंगळवेढ्याची गाडी आपण कधी इतकी वेळेवर सोडली नाही.

आता शुक्रवारी सव्वाबाराला आमच्या घरात काय होतं? अनवरी लोखंडी कपाट उघडून माझा इस्त्रीचा पांढरा कुर्ता काढते आणि मी जाईपर्यंत कपाट उघडंच असतं. मी मंगळवारी मुद्दाम रेशनकार्ड मागितलं. कपाट उघडलं आणि आतिफचा फोन, संपर्क आला. साड्यांच्या घडीमागे, टॉवेलात गुंडाळलेला पांढरा डबा! वायर दाराच्या फटीतून आत घेतलेली. लोखंडातून त्याचा आवाज बाहेर कसा येणार? मग कव्हराखाली काय होतं? बिस्किटांचा रिकामा डबा. अनवरी म्हणाली, महागाची वस्तू, धूळ बसली असती. मला पटलं. लग्नातला डिनर सेट एक्केचाळीस वर्षं त्याच कपाटात आहे, त्यातल्या एकाही बशीने अजून जेवण बघितलेलं नाही.

डबा बाहेर आला, संपर्क जुळला, आणि नवीनच पीडा लागली. आतिफला आता आकडा दिसतो, आणि आकडा एकोणचाळीस. कारण आम्ही दिवसभर अंगणात लिंबाखाली बाजेवर, हॉलचा एसी बंद करून. तो तिकडून एसी लावतो, रिकामा हॉल गार पडतो, मथुराबाई पापडाचं पीठ आत नेऊन ठेवतात. तरी तो म्हणतोच, अब्बा, हे काही खरं नाही, चला. म्हणून तुला विनंती. तू त्याचा हिंदूकाका. तुझ्या मांडीवर बसून त्याने स्टेअरिंग धरलंय. त्याला फोन करून सांग की मी स्वतः जाऊन आलो, घर गारेगार आहे, म्हातारा ठणठणीत आहे, त्यांना तिथून हलवू नकोस.

तुझा,
इमामसाब

ता. क. पत्र तीन दिवस पडून होतं, तिकीट नव्हतं. तेवढ्यात अनवरीने वाचलं. (माझं पत्र तपासल्याशिवाय ती सोडत नाही, खात्याने तिलाच तपासनीस नेमायला हवं होतं.) वाचून म्हणाली, 'धूल के वास्ते नै रखी थी.' डबा लोखंडात ठेवू नका, असं चन्नवीरने पहिल्याच दिवशी तिला बजावलं होतं. तिने बरोबर लक्षात ठेवलं. आठ दिवस सलग संपर्क तुटावा आणि आतिफने येऊन न्यावं, म्हणून. 'मेरेकू अर्शी के पास जाना है. तुमकू कौन पूछ्या?' आतिफची अर्शी अडीच वर्षांची झाली, हिंदुराव. अनवरीने तिला मांडीवर घेतलं ते फक्त दोन ईदला. मला खरंच कोणी विचारलं नव्हतं, पण मीही तिला विचारलं नव्हतं. आणि आठ दिवस कधी भरलेच नाहीत, कारण दर शुक्रवारी कपाट उघडावं लागायचं. एकदा मला मळक्या कुर्त्यावर पाठवलं असतं तर तिचं काम झालं असतं. तेवढं तिच्याने झालं नाही.

ता. क. २. तेव्हा वरची विनंती खोड. आतिफला आजच फोन कर आणि सांग की घर भट्टी झालंय, म्हातारा थकलाय, ऐकत नाही, येऊन घेऊन जा. तुझं मत म्हणून सांग, माझं नाव नको. तो आला की मी दोनदा नाही म्हणेन. तिसऱ्यांदा विचारल्याशिवाय परत जाऊ नकोस, एवढं त्याला नीट समजावून ठेव.